अर्ध्या सुरानं खाली

आमच्या हायस्कुलातली जुनी पोरं कुठं लग्नाकार्यात भेटली, की चहाचा कप हातात आल्याआल्या एखादा ड्रॉइंगमास्तरांची गोष्ट काढतोच. मुंबईहून आलेल्या गायिकेला तोंडावर सांगणारा मास्तर, की बाई, तुमचंच गाणं तुम्ही चुकीच्या पट्टीत गाताय. मग सगळे मांड्या थोपटून हसतात. आता पोटं सुटलेली ही माणसं, नातवंडं झालेली, पण हसणं तेच, मागच्या बाकावरचं. मी उठून जातो. त्यांना वाटतं सरांना वयामुळं गर्दी सोसत नाही.

गर्दी मला चांगली सोसते. राग सोसत नाही. ती गोष्ट खोटी नाही, पण जिथवर हसू येतं तिथवरच ती सांगितली जाते. पुढचं मला माहीत आहे, कारण मी तिथं उभा होतो. म्हणून एकदा लिहून टाकतो.

सत्तर सालच्या आसपास मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. देवळाली प्रवरेच्या अलीकडचं, साखर कारखान्याचं गाव. शाळाही कारखान्याच्या मंडळींचीच. चहूकडं ऊस, मधून पाटाचं पाणी. मी पाथर्डीकडचा, आमच्याकडं दगड पिकतात. दिवाळी झाली की आमचा बाप बैलगाडी जुंपून याच भागात ऊसतोडीला यायचा, आणि आम्ही पोरं फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहायचो. आमच्या घराण्यात पहिली सही मी केली, पहिली डिग्री मी घेतली. बी.एस्सी. होऊन त्याच शिवारात 'सर' म्हणून उतरलो तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून मुद्दाम फडाच्या वाटेनं शाळेत गेलो होतो. तो माज होता, आणि मला त्याची लाज नाही.

मास्तर मला पहिल्या दिवसापासून 'बीएस्सी' म्हणायचे. "काय बीएस्सी, आवाज म्हणजे काय ते पोरांना शिकवता म्हणे. मग शिपायाची घंटा कुठल्या सुरात वाजते ते सांगा." मला सांगता आलं नाही. ते फणकाऱ्यानं निघून गेले. ही आमची ओळख.

पन्नाशीला टेकलेला, काटक, कायम चिडलेला माणूस. वर्गात चिडायचे, मीटिंगमध्ये चिडायचे, एकटे चालताना सुद्धा कपाळाला आठी. वडील नगरच्या कॅम्पात लष्करी साहेबांच्या मेसमध्ये खानसामा होते. बदली होऊन जाताना कुणा साहेबानं मागं टाकलेली गिटार त्यांच्या घरी आली आणि या पोराच्या गळ्यात पडली. शिकवणारं कोणी नव्हतं. जे काही यायचं ते कानानं मिळवलेलं. डाव्या कानावर एक जाड पेन्सिल कायम खोचलेली असायची. नव्या पोरांना वाटायचं, चित्रं काढायला असेल. ती गिटारसाठी होती. गिटारच्या मानेवर ती आडवी धरून सायकलच्या ट्यूबच्या रबरानं आवळली, की सहाच्या सहा तारा पिळत बसावं लागत नाही, सगळ्या एकदम वर चढतात.

ते गाणी वाजवायचे असं म्हणणं चुकीचं ठरेल. ते गाणी सोडवायचे. मी गणितं सोडवतो तशी. लोक गाणं ऐकतात म्हणजे गाणाऱ्याचा आवाज ऐकतात. मास्तरांना गाणाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते म्हणायचे, गाणारा वर चालतो, पण त्याच्या पायाखालची जमीन बदलत असते, ती ऐका. ती जमीन म्हणजे कॉर्ड: तीन-चार सुरांचं एकदम छेडलेलं जुडगं. सिनेमाच्या गाण्यात ही जुडगी कुठं बदलतात, कुठल्यावरून कुठल्यावर जातात, हे रेकॉर्ड ऐकून हुडकायचं, हा त्यांचा धंदा. धंदा म्हणजे नाद. त्यातून दमडी मिळत नव्हती.

कॉर्डांची इंग्रजी नावं त्यांना ठाऊक होती, पण ती तोंडात आली की ते थुंकल्यासारखं तोंड करायचे. त्यांनी आपली नावं ठेवली होती, आणि ती सगळी एसटीच्या पाटीवरची. गाणं जिथून निघतं ते 'घर'. मग 'राहुरी'. जवळचं गाव, जाऊन आलं की जरा मोकळं वाटतं. 'नगर' म्हणजे टोक. तिथं पोचलं की घरची ओढ लागलीच पाहिजे, नगरला गाण्यानं मुक्काम करायचा नसतो. आणि 'नेवासा' हा रडवा कॉर्ड, कारण त्यांची बायको अर्धं वर्ष रुसून नेवाशाला माहेरी असायची. स्टाफरूममध्ये कुणी नुसतं गुणगुणलं तरी मास्तर वह्या तपासता तपासता पुटपुटायचे, "घर... नेवासा... राहुरी... नगर... या, घरी या." आणि गुणगुणणारा मधेच थांबला तर डस्टर आपटायचे.

एकदा गावातून वरात चालली होती. राहुरीचा बँड होता. नवरा घोड्यावर, ऊन डोक्यावर. मुलीच्या मांडवासमोर पोचल्याबरोबर बँडवाल्यांनी कडव्याच्या मधेच वाजवणं तोडलं, तशी त्यांची पद्धतच असते. मास्तर शाळेतून धावत रस्त्यावर. बँडमास्तरच्या कोटाला धरलं. म्हणाले, "नगरला नेऊन सोडलंस. आता घरी कोण आणणार, तुझा बाप?" बँडमास्तरला वाटलं माणूस पिलेला आहे. मुलीकडच्या बाया ओवाळणीचं ताट घेऊन खोळंबल्या, नवऱ्याच्या मुंडावळ्या घामानं कपाळाला चिकटल्या, पण शेवटची ओळ वाजवून गाणं घरी पोचल्याशिवाय मास्तरांनी कोट सोडला नाही. मग नवऱ्याकडं बघून म्हणाले, "आता उतरा." जसं काही लग्न त्यांच्याच परवानगीनं लागणार होतं.

गाणी सोडवायची जागा म्हणजे अण्णाचं हॉटेल. एसटी थांब्यासमोर, पत्र्याचं, आत शेवभज्यांचा वास. अण्णाकडं रेकॉर्ड लावायचं मशीन होतं, त्याचा कर्णा बाहेर लिंबाला टांगलेला. गावात नवं गाणं यायचं ते त्या लिंबावरून. मास्तरांनी अण्णाला हॉटेलची पाटी रंगवून दिली होती, भिंतीवर हरणं, धबधबा आणि सिंहाचा छावा काढून दिला होता. त्या बदल्यात अण्णानं त्यांच्यासाठी गाणं पुन्हा पुन्हा लावायचं, असा ठराव होता. शाळा सुटली की दुपारचा चहा आणि तिथं ठाण मांडायचं. पहिल्या खेपेला फक्त जाडा सूर ऐकायचा, तळाचा. त्यासाठी ते मशीनच्या लाकडी पेटीवर पंजा टेकवून डोळे मिटायचे, ताप बघणाऱ्या डॉक्टरसारखे. दुसऱ्या खेपेला जुडगं हसरं आहे का रडवं, तेवढंच. मग एखाद्या ओळीवर अडायचं. अण्णानं सुई उचलायची, मागं ठेवायची. उचलायची, मागं ठेवायची. तीच ओळ ऐकून ऐकून गिऱ्हाईक वैतागायचं. अण्णा म्हणायचा, "मास्तर, रेकाट झिजली माझी. बाईचा आवाज पार बसला बघा." मास्तर म्हणायचे, "बाईला बसू दे. जमीन कुठं गेली ते बघतोय मी."

रेडिओ त्यांना चालत नसे. रेडिओवर एकदा वाजलं की गेलं, सुई मागं ठेवता येत नाही, हे एक कारण. दुसरं मोठं नामी होतं. एकदा माझ्या खोलीवर ट्रान्झिस्टरवर तेच गाणं लागलं जे ते महिनाभर अण्णाकडं सोडवत होते, आणि ते जरा वरच्या सुरात, जरा चपळ लागलं. मास्तरांनी क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "पळवतात. रेडिओवाले रेकॉर्ड पळवतात. त्यांना बातम्यांची वेळ गाठायची असते." मी म्हणालो, सगळ्याच गाण्यांना कशी घाई असेल? ते म्हणाले, "सरकारी नोकर आहेत. सगळ्यालाच घाई."

मला ते पटलं, हे लिहून ठेवतो. गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. लिंबावरच्या कर्ण्यातून जे यायचं तेच आम्हाला गाणं. पोरं नदीवर तेच म्हणायची, बाया भांगलताना तेच म्हणायच्या, आणि सगळ्यांची पट्टी एक. ज्या गाण्यावरून पुढं सगळं घडलं ते आमच्याकडं पेटीच्या पांढरी दोनमध्ये होतं. मास्तरांनी शाळेच्या प्रार्थनेच्या पेटीवर तपासून तसं ठरवून टाकलं होतं, आणि त्या गाण्याची जमीन त्यांनी इतकी पक्की केली होती की ते मोजे घालतानाही तोंडानं गावं म्हणत असायचे.

तर त्या साली गळीत हंगामाच्या सुरुवातीला, बॉयलर पेटवायच्या समारंभाला, कारखान्यानं ते गाणं गायलेली मुंबईची गायिका बोलावली. बाईंबरोबर तिकडचे थोडेच वाजवणारे येणार होते. एक गिटारवाला लागेल, तो तुमच्याकडचा चालेल, असा निरोप आला. आमच्याकडं गिटारवाला एकच. मास्तरांना आवतण गेलं. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच. कोट शिवला. शाळेत पोरांना चित्राचा विषय दिला 'माझी आवडती गाडी' आणि स्वतः खिडकीकडं तोंड करून उजव्या हातावर डाव्या हाताची बोटं दाबत बसले. बायकोही नेवाशाहून आली. आयुष्यभर ज्याच्या नादाला लोक हसले त्याला एकदा स्टेजवर, सगळ्यांच्या देखत, खुद्द त्या गाण्याच्या मालकिणीशेजारी बसून ते गाणं घरी पोचवायचं होतं. यापलीकडं त्यांनी काही मागितलं नव्हतं. मला विचाराल तर ते फार नव्हतं.

समारंभाच्या दिवशी दुपारी मांडवात तालीम होती. बाई साध्या सुती साडीत, पाय दुखत होते म्हणून खुर्चीवर. त्यांच्या वाजवणाऱ्यांचा म्होरक्या म्हणजे एक टकला, अॅकॉर्डियनवाला. त्यानं मास्तरांना सांगितलं, काळी दोन. पेटी न वाजवणाऱ्यांसाठी सांगतो, काळी दोन म्हणजे पांढरी दोनच्या अर्धा सूर वर. मास्तर म्हणाले, हे गाणं पांढरी दोनमध्ये आहे. टकला म्हणाला, नाही, काळी दोन. मास्तर चढले. सरळ बाईंकडं वळले.

"बाई, तुम्ही अर्धा सूर वर जाताय."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, रेकॉर्डवर मीच गायलेय."

"म्हणूनच सांगतो. गाणारा एकदा गातो आणि निघून जातो. मी रोज ऐकतो."

बाई हसल्या, बरोबरचे हसले, खुर्च्या लावणारे हसले. आमची जुनी पोरं सांगतात ती गोष्ट इथं संपते.

मास्तरांनी हसणं मनावर घेतलं नाही. ते म्हणाले, वाद कशाला, पाच मिनिटांवर हॉटेल आहे, चला, ऐकून घ्या. तो टकला माणूस चांगला होता. अॅकॉर्डियन गळ्यात तसाच ठेवून निघाला. मी निघालो. पाहुण्यांची सरबराई ज्याच्याकडं होती तो शाळेचा सेक्रेटरीही निघाला, आणि त्याच्यामागं शेपूट लागावं तसं गाव. हा सेक्रेटरी चेअरमनसाहेबांचा पुतण्या. त्याला मी अहो-जाहो करणार नाही.

अण्णानं रेकॉर्ड लावली. टकल्यानं दोन सूर ऐकले आणि अॅकॉर्डियनवर पांढरी दोन दाबली. तंतोतंत जुळली. मास्तरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. असा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. त्यात आनंदापेक्षा, आता तरी कळलं का गाढवांनो, असं होतं.

टकल्याची नजर मात्र वर गेली होती. अण्णाच्या गल्ल्यावरचा पंखा इतका सावकाश फिरत होता की पाती मोजता येत होती. दिवा लावलेला होता तो कंदिलासारखा पिवळा.

"मास्तर, तुमचा कान चोख आहे," तो अगदी हळू म्हणाला. "तबकडी हळू फिरतेय. तुमच्याकडं लाईट कमी आहे."

बाकीच्यांना कळायला वेळ लागला. मला लागला नाही, मी पोरांना तेच तर शिकवत होतो. विजेचा दाब कमी झाला की मशीनची मोटर मंद फिरणार, तबकडी मंद फिरली की गाणं खाली उतरणार. दुपारच्या चहाला आमच्याकडं लाईट नेहमीच अशी असायची. म्हणजे रेडिओवाले पळवत नव्हते. आमचा अख्खा गाव, नदीवरच्या पोरांपासून भांगलणाऱ्या बायांपर्यंत, अर्ध्या सुरानं खाली गात होता. आणि मास्तरांनी ते खालचं खाली, काटेकोर, बिनचूक सोडवलं होतं.

टकला पुढं म्हणाला की यात काही बिघडलेलं नाही, जमीन तीच आहे, पेन्सिल बांधून सगळ्या तारा अर्धा सूर वर चढवा आणि वाजवा. मास्तरांचा हात कानाकडं गेलाही होता. चेहरा राखेसारखा झाला होता, पण हात गेला होता. एक मिनिटाचं काम होतं. मी हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं 'मास्तरच अडून बसले' असं सांगितलं गेलं.

सेक्रेटरी म्हणाला, "म्हणजे मास्तर, इतकी वर्षं उतरतंच वाजवलंत तुम्ही?"

गाव हसलं.

"बरं झालं आधी कळलं. आज साहेब लोक हायेत, मुंबईचे पाहुणे हायेत. तुम्ही खाली बसून ऐका. आमची शोभा नको."

टकला काही बोलायला लागला तर सेक्रेटरीनं त्याच्यापुढं चहा सरकवला. मास्तर पेन्सिल हातात धरून उभे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी विचारलं, "सेक्रेटरी, आपल्या गावची लाईट जाते कुठं?"

"म्हंजे?"

"नदीवर तुमच्या मोटारी चालू आहेत म्हणून हा पंखा फिरत नाही. पाणी तुमच्या उसाला आणि शोभा मास्तरांची?"

हसणं थांबलं. सेक्रेटरी सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी गोड आवाजात म्हणाला, "सर, तुमचे वडील आमच्याच फडात तोडीला यायचे ना?"

"यायचे. म्हणून तर मोटारी किती आहेत ते मला ठाऊक आहे."

त्यानं चहा संपवला आणि पाहुण्यांना घेऊन गेला. माझं कायम होणं पुढं बरंच लांबलं ते यामुळं. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की मी बोललो त्यानं मास्तरांची जागा काही परत मिळाली नाही. गर्दी पांगल्यावर ते माझ्यावरच उखडले. "तुम्हाला कोणी वकीलपत्र दिलं होतं, बीएस्सी? मी सांगणार होतो त्याला, पेन्सिल बांधतो म्हणून. तुम्ही मधे बापजाद्यांचं काढलंत." मी म्हणालो, त्यानं काढलं. ते म्हणाले, "कुणीही काढलं तरी गाणं राहिलंच ना?"

संध्याकाळी समारंभ झाला. स्टेजवर झगमगाट पाहिजे म्हणून सेक्रेटरीनं त्या दिवसापुरत्या नदीवरच्या मोटारी बंद ठेवायला लावल्या. लाईट अशी पांढरीफेक आली की डोळे दिपावेत. बाई गायल्या, काळी दोनमध्ये, जसं गायलं होतं तसं. आणि आमच्या गावच्या बाया एकमेकींना म्हणत होत्या, काय बाई चिरकतीया ही, आपल्या अण्णाच्या रेकाटीवर किती ग्वाड लागतं. मास्तर मांडवाच्या दोरीपाशी नवा कोट घालून उभे होते. बायको शेजारी, पदर दातात धरलेला. डाव्या हाताची बोटं उजव्या दंडावर दाबत त्यांनी सबंध गाणं वाजवलं. संपल्यावर मला एवढंच म्हणाले, "तिसऱ्या ओळीला ते वाजवणारे नेवाशाला गेलेच नाहीत. राहुरीवरूनच परत फिरले. चोर." बायकोनं त्यांच्याकडं पाहिलं आणि कधी नव्हे ती हसली.

दुसऱ्या दिवसापासून गावानं त्यांना नाव दिलं, 'अर्धा सूर'. पोरं शाळेच्या भिंतीवर लिहायची. मास्तर जाताना कुणीतरी मुद्दाम खालच्या आवाजात गायचं. ज्या गावाचा स्वतःचा सूर उतरलेला, ते त्यांना उतरलेला म्हणायचं. मी दोन-तीन पोरांना वर्गात झोडपलं. मास्तरांनी नाही. त्यांचं चिडणंच संपलं होतं, आणि ते बघून मला जास्त चीड यायची. नगरला सोडून दिलेली वरात त्यांच्या दारावरून गेली तरी ते खिडकीत येत नसत.

अण्णाकडं मात्र जायचे. मी पण जायचो. रेकॉर्ड लागायची, पंजा पेटीवर ठेवायचे, आणि पहिलं कडवं संपायच्या आत काढून घ्यायचे. एकदा मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "गाणं ऐकूच येत नाही हो. मोटारीच ऐकू येतात. पहिल्या ओळीला किती चालू आहेत ते कळतं, मधेच कुणी आणखी एक चालू केली की तेही कळतं. हा सूर नाही राहिला, हा पाण्याचा हिशेब झाला." त्यांनी ते तक्रारीनं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मलाही त्या लिंबाखाली तेच ऐकू यायला लागलं.

मग दुष्काळ पडला. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. पाट कोरडा, नदीत वाळू, विहिरींच्या तळाला भेगा. आमच्या पाथर्डीकडची माणसं ऊसच नाही म्हणून आली नाहीत, ती तिकडं खडी फोडत होती, त्यात माझा थोरला भाऊ आणि वहिनी. इथले मोठे बागायतदारही पहिल्यांदा आभाळाकडं बघायला शिकले. मोटारींच्या खोल्यांना कुलपं लागली.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी आणि मास्तर अण्णाकडं बसलो होतो. चहा गुळाचा, दुधाचा नुसता रंग. सेक्रेटरी आत आला. वाळला होता. दुष्काळ निधीसाठी कारखाना गाण्यांचा कार्यक्रम करणार होता, मुंबईचे कलावंत फुकट येणार होते, त्याच बाई. तो मास्तरांसमोर बसला आणि म्हणाला की झालं गेलं सोडा, या वेळी स्टेजवर तुम्ही पाहिजे, बाईंनीच विचारलंय तुम्हाला.

मास्तर कपात बघत राहिले. मला वाटत होतं त्यांनी हो म्हणावं. मला वाटत होतं त्यांनी त्याच्या तोंडावर चहा फेकावा. दोन्ही एकदम वाटत होतं.

सेक्रेटरीला वाटलं मास्तर भाव खातात. तो अण्णाकडं वळला. "अण्णा, लाव रं ती रेकाट. मास्तरांस्नी ऐकव."

अण्णानं लावली. वर पंखा गरगरत होता. भर दुपारी दिवा पांढरा झगझगीत. गाणं सुरू झालं, आणि ते काळी दोनमध्ये होतं. चपळ, स्वच्छ, बाई मांडवात गायल्या होत्या अगदी तसं. रस्त्यावरची दोन माणसं थांबून कर्ण्याकडं बघायला लागली. मास्तरांचा पंजा पेटीवर गेला. कडवं पुढं सरकत होतं आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो.

"बंद कर, अण्णा."

"आँ? मास्तर, आज तर बरुबर वाजतीया," अण्णा म्हणाला. सेक्रेटरीही म्हणाला, "मास्तर, आता कुठं सूर लागलाय, ऐका की."

मास्तर उभे राहिले. कित्येक महिन्यांनी त्यांच्या कपाळावर ती आठी मी पाहिली. "तुमच्या विहिरी आटल्या तेव्हा हा सूर लागला, सेक्रेटरी. मी तो वाजवायचा? त्याच्यावर टाळ्या घ्यायच्या?"

अण्णा सुईपाशी हात नेऊन तसाच थांबला होता, कुणाचं ऐकावं ते कळेना त्याला. गाणं शेवटच्या ओळीला आलं होतं, नगरला पोचलं होतं.

मास्तरांनी हात लांब करून सुई उचलली.